बावीस टोप्या, सगळ्या सारख्या

मी मागून तिच्या टोपीची दोरी धरली, म्हटलं, मनू, थांब गं, पाणी पी जरा, आणि ती वळली तर ती मनू नव्हती.

तिवारी भाभींची पीहू होती. ती माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. टोपी तीच, रंग तोच फिकट सायीसारखा, मागे मानेवर लोंबणारी झालर तीच. डोंगरावरचं वाळलेलं गवत माझ्या कमरेपर्यंत होतं, त्यात लेकरं दिसतच नव्हती, नुसत्या टोप्या दिसत होत्या, गवतावर तरंगत चालल्यासारख्या. पाव तास, जास्तच असेल, मी त्या एका टोपीच्या मागे निवांत चालत होते. मध्ये मी तिच्याशी बोललेसुद्धा, हे बघ मनू, पळसाची फुलं. ती काही बोलली नाही तर मला वाटलं दमली असेल.

"पीहू, मनू कहाँ है?"

"मुझे नहीं पता आंटी," पीहू म्हणाली आणि तिने माझ्या हातातली पाण्याची बाटली घेतली.

मी मागे बघितलं. गवत. पुढे बघितलं, टोप्या. मोठ्या आणि छोट्या. मी ओरडले, मनू, तर सगळ्या टोप्या एकदम माझ्याकडे वळल्या आणि त्यातल्या एकीखालीसुद्धा माझी पोरगी नव्हती.

वाघाचं जंगल आहे ते. खाली नाल्यात डोह आहे. मार्चचं ऊन अकरा वाजताच डोक्यावर आलेलं. आणि मनू फक्त तीन वर्षांची.

पण असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला काही कळायचं नाही. आमच्या महिला मंडळाच्या पाटणकर काकूंनी मला वही दिली आणि म्हणाल्या, जे झालं ते लिही, ज्या आल्या नाहीत त्यांना वाचू दे. मी म्हटलं, काकू, मी आठवी शिकलेली. त्या म्हणाल्या, बोलतेस तसं लिही. तर तसं लिहिते.

बरखेडा

आम्ही आर्वीकडचे. ह्यांना इथल्या कारखान्यात फिटरची नोकरी लागली म्हणून भोपाळला आलो, बरखेड्यात क्वार्टर मिळालं. मी आले तेव्हा मनू पोटात होती आणि मला हिंदी फक्त ऐकून समजायची, बोलायला जीभ वळायची नाही. पहिल्याच आठवड्यात मी भाजी घेऊन आले, दार उघडं होतं, आत गेले, पिशवी ओट्यावर ठेवली, माठातलं पाणी घेऊन प्याले, आणि मग बघितलं की ओट्यावरचा गॅस आमचा नाही. एक बाई आतल्या खोलीतून आली, हातात लाटणं. मी घाबरले, ती माझ्यापेक्षा जास्त घाबरली. त्या तिवारी भाभी. आम्ही त्यांच्या पुढच्या ओळीत राहतो.

आमच्या गावात दोन घरं सारखी नाहीत. कोणाच्या दाराला निळा रंग, कोणाच्या अंगणात कडुनिंब. इथे ओळच्या ओळ सारखी, तेच पिवळं, तीच जाळी, तेच फाटक, भोंगा वाजला की सगळे एकाच वेळी बाहेर पडतात आणि एकाच वेळी परत येतात. त्या दिवशी भाभी हसून हसून खाली बसल्या आणि म्हणाल्या, "अरे बहन, फाटक पे कुछ टांग लो, नहीं तो किसी दिन मेरे मिस्टर को खाना परोस दोगी." मी घरी जाऊन जुन्या लाल ओढणीचा एक तुकडा फाडून फाटकाला बांधला. तो अजून आहे, म्हणजे फाटला की मी दुसरा बांधते. मनू चालायला लागली तशी तिला तेच कळलं. लाल फडकं म्हणजे घर. बाजारातून येताना दुरून दिसलं की हात सोडून पळते.

कारखान्यात एक भटकंतीवाला गट आहे. पाटणकर साहेब, आमच्या काकूंचे मिस्टर, चालवतात, ते पुण्याचे, रिटायरला दोन वर्षं राहिलीत, पण चालतात असे की आमचे हे मागे पडतात. साहेबांनी सगळ्यांसाठी एकदम बावीस टोप्या मागवल्या, सगळ्या सारख्या. उन्हात चालायच्या टोप्या. हे घरी घेऊन आले तीन, आणि खिशातून काढल्या! मी म्हटलं, खिशातून टोपी कशी निघाली? तर मुठीत मावते. सोडली की आपोआप उघडते, कडा ताठ होतात. बाजूला बारीक जाळी, फुंकर मारली तर पलीकडे लागते. मागे झालर, मानेला ऊन लागू नये म्हणून. हनुवटीखाली दोरी, दोरीत एक मणी, तो वर सरकवला की टोपी घट्ट, त्यामुळे तीच टोपी बापाला होते आणि लेकीलाही.

मला राहवेना. मी ती बादलीत बुडवली, तरंगली. पिळली, दोरीवर टाकली, चहा होईपर्यंत वाळली. मग मी ती घेऊन बाजारात गेले आणि भाजीवाल्याला म्हटलं, भैया, इसको तोलो. तो म्हणाला, "इसमें तौलने जैसा है क्या?" तरी त्याने तराजूत टाकली. दुसऱ्या पारड्यात त्याने चार मिरच्या टाकल्या, हललं नाही, मग एक लिंबू टाकलं, मग दुसरं, मग पारडं बरोबर झालं. चार मिरच्या आणि दोन लिंबं, एवढीच ती. त्याने मिरच्या-लिंबं मला देऊन टाकली आणि म्हणाला, दरवाजे पे टांग लो, नजर नहीं लगेगी.

एकच अडचण. टोपी करणाऱ्याने बाईचं डोकं बघितलेलं नसावं. माझा अंबाडा आत मावेना, टोपी मागून वर उचलली जायची, मी कोंबड्यासारखी दिसायला लागले. शेवटी वेणी घातली.

रात्री सासूबाईंचा फोन आला. ह्यांनी मुद्दाम सांगितलं, तुझी सून टोपी घालून डोंगरावर चालली.

"काऊन वं," त्या म्हणाल्या, "साहेबीण झाली का? टोपी तं गडी घालते. बाईच्या डोक्यावर पदर पाह्यजे."

मी म्हटलं, "आई, पदर कुठे, मी तर ड्रेस घालणार आहे."

मग म्हणाल्या, "पोट्टीले उन्हात नेऊ नोको. अन् नेलंच तं खिशात कांदा ठेव. अन् नजर काढू नोको तिच्यावरून."

कांदा मी ठेवला. तीन ठेवले.

शनिवार, डोंगराखालचं गाव

रस्त्याचं काही सांगत नाही, बसमध्ये मनू दोनदा ओकली, एवढंच. ओबेदुल्लागंजला पोहे खाल्ले. आमच्याकडे पोह्यांवर लाल तर्री ओततात, नाक वाहिलं पाहिजे. इथे पोह्यांवर शेव, कांदा, आणि एक आंबट तिखट मसाला भुरभुरतात, जिरावन म्हणतात, आणि सोबत जिलबी. तिखटासोबत गोड! आधी मला ते चुकलेलं वाटायचं, आता मला नुसते पोहे जात नाहीत.

संध्याकाळी आम्ही डोंगराखालच्या एका छोट्या गावात पोचलो, शाळेच्या ओसरीवर सामान ठेवलं. गावातल्या लोकांनी आमच्यासाठी बाफले केले होते. मी वाकून बघितलं आणि म्हटलं, अहो, हे तर रोडगे! तशीच कणीक, तसेच गोळे, तशाच शेणाच्या गोवऱ्या. पण हे लोक आधी गोळे पाण्यात उकळून घेतात आणि मग गोवऱ्यांत भाजतात, वरून तुपात बुडवतात. आमच्याकडे उकळत नाहीत, आणि सोबत वांग्याची भाजी असते, यांच्याकडे वरण. मी त्या स्वयंपाक्याला विचारलं, उकळता कशाला? तो म्हणाला, "बाई, नरम रहता है." मी म्हटलं, आमचे कडक असतात. तो म्हणाला, "तो दाँत आपके अच्छे होंगे." सगळे हसले. मला बरं वाटलं, मी हिंदीत भांडले होते.

जेवताना साहेबांनी उद्याचे नियम सांगितले. ओळीत चालायचं. लेकरं मध्ये. आपल्या पुढची टोपी सतत दिसली पाहिजे. "आणि कोणी हरवलं," ते म्हणाले, "तर त्याने जागेवरून हलायचं नाही. दोघंही हलले की दोघंही हरवतात." मी विचारलं, "साहेब, वाघ?" ते म्हणाले, "वहिनी, वाघाला आपल्या टोप्यांची भीती वाटेल." तिवारी भाभी म्हणाल्या, "मुझे तो अपनी ही टोपी से डर लग रहा है, शीशे में देखी थी."

मला मात्र झोप लागेपर्यंत वाघच दिसत होता.

रविवार, मोहाखाली

सकाळी फटफटत होतं तेव्हा मनूला घेऊन मी शाळेमागे गेले. हवेत गोड वास, आंबल्यासारखा. एका मोठ्या झाडाखाली एक बाई वाकून काहीतरी वेचत होती, टोपली जवळ. मोहाची फुलं. फिकट पिवळी, गुबगुबीत, मोत्याएवढी. माझ्या अंगावर लाल ओढणी होती, हातात टोपी.

तिने आमच्याकडे बघितलं आणि पहिला प्रश्न टोपीबद्दल विचारला. "जे का है, बाई?"

मी म्हटलं, टोपी. धूप की.

तिने हात पुसले आणि टोपी घेतली. उलटी केली, जाळीतून माझ्याकडे बघितलं, मग झाडाकडे, मग मनूकडे. मनू हसायला लागली. मग तिने टोपी टोपलीसारखी धरली आणि त्यात ओंजळभर फुलं टाकली. एकही खाली पडलं नाही. "हूँ," ती म्हणाली, "काम की चीज है. पर इत्ती सी में क्या आएगा?"

तिचं नाव फूलवती. तिने टोपी डोक्यावर ठेवून बघितली, अंबाडा तिचाही आड आला, आणि आम्ही दोघी एकदम हसलो. मी विचारलं, तुम्ही उन्हात काय घालता? ती म्हणाली, डोक्यावर टोपली असते ना, भरलेली, तिच्याखाली सावली. मग तिने कमरेची गाठ सोडून दाखवली. आत कांदा. मीपण माझ्या खिशातला कांदा काढून दाखवला. ती म्हणाली, "तुमारे यहाँ भी?" मी म्हटलं, आमच्या सासूबाई. ती म्हणाली, "हमारी भी."

तिने मनूला एक फूल खायला दिलं. मी नको म्हणणार होते, पण मनूने खाऊन टाकलं आणि हात पुढे केला, अजून. मी एक चाखलं. रस भरलेलं, गूळ पातळ केल्यासारखं, आणि मागून थोडं डोक्याला चढतं.

फूलवतीने विचारलं, कुठे चाललात? मी हात वर केला, चित्रांच्या गुहांकडे. ती म्हणाली, आम्ही पण वर जातो, वरच्या मोहांखाली, पलीकडच्या बाजूला. डोंगराच्या त्या बाजूने तिची वेगळी वाट होती, तिच्या पाड्याकडे उतरणारी.

रविवार, डोंगरावर

निघताना साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, ती ओढणी काट्यांत अडकेल, पिशवीत ठेवा." मी घडी करून पिशवीत ठेवली, डब्याखाली, आणि टोपी घातली. हे म्हणाले, "छान दिसते." हे असं कधी म्हणत नाहीत. मी मणी वर सरकवला.

मनूने माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला आता आठवतं. तिने माझ्या कुर्त्याला हात लावला, वर बघितलं, आणि झालर बाजूला करून माझं तोंड बघितलं, आई आहे का म्हणून. मग तिलाही टोपी घातली तशी ती हसली.

आणि टोपी काय छान होती, तेही खरं सांगते. आमच्याकडे उन्हात निघताना दुपट्टा असा गुंडाळतात की नुसते डोळे दिसतात, आत घाम, कानात काही ऐकू येत नाही. ह्या टोपीत वारा शिरत होता. डोळ्यांवर सावली. मी पहिल्यांदा उन्हात मान वर करून चालले. सागाची पानं गळून गेलेली, पायाखाली पापड मोडल्यासारखा आवाज, मधेच एखादा पळस असा पेटलेला की बाजूची सगळी झाडं मेल्यासारखी वाटावीत. लंगूर बसले होते ओळीत, आमच्यासारखेच, लेकरं मध्ये.

मग गुहा आल्या. गुहा म्हणजे मोठे खडक, पुढे झुकलेले, खाली सावली, आणि त्या खडकावर चित्रं. लाल आणि पांढरी. हरणं, पोट मोठं आणि पाय काडीसारखे. हातात हात धरून नाचणारी माणसं. मी मोजायला लागले, एका ओळीत अकरा होती. मी साहेबांना विचारलं, कोणी काढली? ते म्हणाले, हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी. मी विचारलं, त्यांच्या डोक्यावर काय आहे? कारण होतं काहीतरी, एकाच्या डोक्यावर पिसासारखं, दुसऱ्याच्या शिंगासारखं, प्रत्येकाचं वेगळं. साहेब चष्मा काढून जवळ गेले आणि म्हणाले, "वहिनी, मी इथे सात वेळा आलोय, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं."

मला इतका आनंद झाला. मी अजून जवळ गेले, अजून शोधायला लागले, कोणाच्या डोक्यावर काय. मनूचा हात कधी सुटला मला माहीत नाही. ओळ निघाली, कोणी तरी म्हणालं चला, मी बाहेर आले, उन्हाने डोळे दिपले, आणि गवतावर पुढे एक छोटी टोपी चालताना दिसली. मी तिच्या मागे चालायला लागले.

पुढची टोपी सतत दिसली पाहिजे. दिसत होती ना.

तर मी पीहूची दोरी सोडली, तिला तिच्या आईकडे ढकललं आणि गुहेकडे पळत सुटले. गुहेपाशी कोणी नाही. तिथून दोन वाटा. एक खाली नाल्याकडे, डोहाकडे. एक वर. हे धापा टाकत आले.

"मनू कुठे आहे?"

"नाही."

"नाही म्हणजे? तू काय करत होती?"

मी चित्रं बघत होते, असं कसं सांगणार. हे खालच्या वाटेने पळाले, मनू मनू ओरडत. बाकीचे सगळीकडे पांगले, कोणी गवतात, कोणी खडकांमागे. सगळीकडून मनू मनू आवाज येत होता आणि डोंगर तो परत फेकत होता, त्यामुळे कुठून हाक येतेय तेच कळेना. मी वरच्या वाटेने वीस पावलं गेले, परत आले, खालच्या वाटेने गेले, परत आले. तेव्हा मी बघितलं की सगळ्या टोप्या धावतायत. इकडून तिकडे, सारख्या. मनू ह्यातली कोणती बघेल? कोणती आई म्हणेल?

मी पिशवी उलटी केली. डबा घरंगळत गेला, कांदे गेले. ओढणी काढली. गुहेच्या वर एक खडक आहे, सपाट, त्यावर चढले, कशी चढले आठवत नाही, गुडघा फुटला ते नंतर कळलं. तिथे एक वाळकं झाड होतं, त्याच्या फांदीला ओढणी बांधली, आमच्या फाटकाला बांधते तशी. टोपी काढून खाली टाकली. आणि झाडाखाली बसले.

गटातली एक बाई खालून ओरडली, "अरे बैठ क्यों गई? माँ है कि क्या है? ढूंढ ना!" तिवारी भाभी तिला काहीतरी बोलल्या, मला ऐकू आलं नाही. साहेब खाली उभे राहून वर बघत होते.

मी बसले. ओढणी वाऱ्याने फडफडत होती. खडक तापला होता, खालून चटका बसत होता, डोक्यावर काही नव्हतं. किती वेळ ते मला सांगता यायचं नाही. मी सगळ्या देवांची नावं घेतली, मग तीच परत घेतली.

तेवढ्यात खालून आवाज आला.

"टोपी! पानी में टोपी!"

डोहात एक टोपी तरंगत होती. मी घरी बादलीत बुडवून बघितली होती, ती तरंगते मला माहीत होतं. सगळे खाली पळाले. मला वरून फांद्यांमधून पाण्याचा एक तुकडा दिसत होता आणि त्यात तो सायीसारखा ठिपका. मग ह्यांचा आवाज, असा आवाज मी ह्यांचा कधी ऐकला नव्हता, आणि धपकन पाण्यात उडी.

मी उठले. खरंच उठले. एक पाय खडकाच्या कडेला टाकला.

आणि परत बसले.

"ओ बाई! ओ लाल चुन्नी!"

मागून, वरून. मी वळले. वरच्या बाजूने फूलवती येत होती, डोक्यावर मोहाने भरलेली टोपली, आणि कमरेवर माझी मनू. मनूचं तोंड चिकट, हातात फुलं, टोपी मानेमागे दोरीला लोंबत. तिने ओढणीकडे बोट केलं आणि म्हणाली, "घल."

मी तिला असं धरलं की ती रडायला लागली.

फूलवतीने टोपली उतरवली आणि धाप टाकत सांगितलं. मनू तिला वरच्या मोहाखाली सापडली, फुलं खात बसलेली, आई कुठे तर म्हणे आई गेली. "ऊपर से देखा," ती म्हणाली, "तो सब टोपी भाग रही. जे मोड़ी, जे बच्ची, किसको देती? मैं तो उस तरफ अपने गाँव ले जा रही थी, वहाँ से खबर भेजती. फिर जे लाल दिखी. सबेरे तुम लाल ओढ़े थीं."

मी तिच्या पाया पडायला वाकले तर तिने मला दंडाला धरून उभं केलं. "टोपी पहनो," ती म्हणाली, "लू लग जाएगी."

मी खाली ओरडले, मिळाली, मिळाली. डोहातली टोपी कोणाची होती माहीत आहे? ह्यांचीच. दोरीचा मणी सैल होता, पाण्यावर वाकून बघताना पडली, ह्यांना कळलंच नाही, आणि कोणीतरी ओरडल्यावर ह्यांनी आपल्याच टोपीसाठी उडी मारली. छातीपर्यंत पाणी होतं. ते वर आले तेव्हा ओले, कोपर खरचटलेलं, ओठ पांढरे. मनूला घेतलं. मग खडकाकडे बघितलं, ओढणीकडे, माझ्याकडे.

"तू बसली होती?"

मी म्हटलं, "हो."

"टोपी दिसली तरी?"

मी ओढणी सोडायला परत खडकावर चढले.

परत बरखेडा

मनू आता बरी आहे. तिला विचारलं, बाळा, तू कोणाच्या मागे गेलीस? ती म्हणते, "आईच्या. आई बोललीच नाही." कोणाची टोपी होती ते अजून कोणालाही माहीत नाही. मीपण एका टोपीच्या मागे गेले, तीपण बोलली नव्हती.

आम्ही आता टोप्यांना लाल कापडाची पट्टी शिवली आहे, तिघांच्याही. तिवारी भाभींनी हिरवी शिवली. साहेबांनी सगळ्यांना सांगितलं, आपापली खूण करा, म्हणून आता गटात कोणाच्या टोपीवर पीस आहे, कोणाच्या बटण, त्या खडकावरच्या माणसांसारखं. सासूबाईंना आम्ही काही सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, कांदा ठेवला होता ना? मी म्हटलं, ठेवला होता.

पण एक गोष्ट राहिली आहे आणि ती मी कोणाशी बोलू शकत नाही म्हणून इथे लिहिते. साहेब सगळ्यांना सांगतात, वहिनींनी शहाणपणा केला, जागा सोडली नाही. दुसऱ्या ओळीतल्या बायका नळावर म्हणतात, माँ होके बैठी रही. हे मनूला झोपवताना तिच्या डोक्यावरून हात फिरवतात आणि माझ्याकडे बघत नाहीत, तीन आठवडे झाले.

आणि मला खरं माहीत नाही. मी परत बसले ते साहेबांचा नियम आठवला म्हणून, की मनूला लाल फडकं कळतं म्हणून, की त्या ठिपक्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती म्हणून? तिन्ही खरं वाटतं. वरून फूलवती आली म्हणून मी शहाणी झाले. ती टोपी ह्यांची नसती तर मी कोण झाले असते? आणि मी खाली पळाले असते, आणि फूलवती वरून आली असती, आणि फांदीला नुसती ओढणी, खाली कोणी नाही, तर ती थांबली असती का?

तुम्ही सगळ्या आया आहात, माझ्यापेक्षा शिकलेल्या आहात. पाण्यात लेकराची टोपी दिसतेय, नवऱ्याची हाक ऐकू येतेय, आणि तुम्ही वर बांधलेल्या लाल फडक्याखाली उभ्या आहात. खरं सांगा, तुम्ही धावला असतात की बसला असतात?